खालचा बर्थ

शर्वरीचं घर झाशीच्या सीपरी बाजारात आणि नोकरी ग्वाल्हेरला, एका विमा कंपनीत. त्यामुळे तिची उमेदीची सगळी वर्षं अप-डाउनमध्ये गेली. संध्याकाळी दिल्लीकडून येणारी जी गाडी मिळेल ती पकडायची, स्लीपरच्या डब्यात शिरायचं, ‘भाईसाहब, ज़रा खिसकना’ म्हणायचं आणि बसायचं. पासवाल्या तिघी-चौघींचं टोळकंच होतं. मटार सोलणं, विणकाम, साहेबांच्या नकला. घरी वडील, गोविंदराव, वाट बघत असत, तरी शर्वरीला झाशी लवकर येऊ नये असं वाटे.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी खालच्या बर्थवर एक म्हातारे गृहस्थ पाय पसरून झोपले होते. उशाशी त्यांची बायको. अंबिका टोळक्यात सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, “चाचाजी, दिन में तो ये बैठने की सीट है.”

गृहस्थ कोपरावर भार देत उठले. चौघी बसल्या. तेवढ्यात बाई नवऱ्याला मराठीत म्हणाल्या, “तुम्ही कशाला उठलात? कमरेचं ऑपरेशन होऊन आठवडा नाही झाला. बसायचं नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी? ह्या बायकांनी लाजच सोडलीय.”

“असू दे,” ते म्हणाले. “झाशीला उतरतील.”

शर्वरीला शब्दन् शब्द कळला. घरी ती मराठीच बोलायची. उठावं असं मनात आलं, पण तिने उठायचं म्हणजे चौघींनी उठायचं, आणि मग ‘आली मोठी दयाळू’ हे रोज ऐकायचं. ती विणत राहिली.

अंबिकाने तिला कोपराने ढोसलं. “क्या कह रही हैं? तुम्हारी ही तो बोली है.”

“कुछ नहीं. गर्मी बहुत है, यही.”

बाईंना तेवढी हिंदी कळत होती. त्यांचा चेहरा उतरला. “तुम्ही मराठी आहात?”

“थोडं थोडं समजतं,” शर्वरी म्हणाली.

“अगं बाई. तोंडातून निघून गेलं हो. मनावर घेऊ नका.” त्यांनी पिशवीतून डबा काढला, एक बेसनाचा लाडू तिच्या हातावर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “जरा सरका, आपल्याकडच्याच आहेत.” ते आणखी सरकले. सरकताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

आम्ही चाळीसगावचे, बाई सांगत होत्या. शर्वरीने लाडू खाल्ला. झाशीच्या आधीचं दतिया स्टेशन गेलं तरी ती उठली नाही.

झाशीला उतरल्यावर तिने खिडकीतून आत पाहिलं. बाई नवऱ्याला खांद्यांना धरून आडवं करत होत्या. त्यांना ते जमत नव्हतं. समोरच्या बर्थवरचा एक माणूस मदतीला उठला.

स्टेशनबाहेर रिक्षापाशी तिने अंबिकाला खरं सांगितलं. अंबिका थांबली.

“तो बताया क्यों नहीं? हम उठ जाते.”

“मुझे लगा...”

“क्या लगा? कि सुनकर भी बैठी रहतीं हम?”

इतकी वर्षं जिच्या डब्यातलं खाल्लं, तिला आपण काय समजत होतो, हे तिला तिथे उभ्याउभ्या कळलं. अंबिका प्रेम नगरच्या रिक्षात बसली.

घरी गोविंदरावांना तिने एवढंच सांगितलं की गाडीत चाळीसगावचं एक जोडपं होतं. ते खूश झाले. झाशीत बाहेरचं मराठी माणूस भेटणं म्हणजे त्यांना सणच. “नाव काय त्यांचं? विचारलंस का?”

“नाही, बाबा.”

दुसऱ्या दिवशीही टोळक्याने तिला जागा धरली. कुणी तिला काही बोललं नाही. पण आता डब्यात शिरल्यावर, कुणी आडवं दिसलं की अंबिका आधी विचारायची, “तबीयत तो ठीक है न, भैया?” आणि विचारताना शर्वरीकडे मुळीच बघायची नाही. महिनाभराने शर्वरी दाराशी उभी राहून येऊ लागली. आत हवा नसते, असं तिने सांगितलं.

पुढे तिची बदली झाशीतच झाली. आता ऑफिस इलाइट चौराह्याजवळ आहे, स्कूटीवर जाते. गाडीतल्या गमती सांग ना, असं भाची म्हणते, तेव्हा ती मटार सोलण्यापर्यंत सांगते आणि चहा टाकायला उठते.