धुराचा रंग

अमेरिकेतल्या रेडमंडहून तिथल्याच हवाई बेटावरच्या खेड्यातल्या गेस्टहाउसला निघायच्या चार दिवस आधी पुण्यात बाबा गेले. व्हिसाचं काम अर्धवट होतं. मी भारतात गेले असते तर परत येता आलं नसतं. बुकिंग कॅन्सल होत नव्हतं, म्हणून इकडे आलो. रोजच्या सहलींची यादी आधीच तयार होती. धबधबा पाहिला आणि खूण केली, काळ्या वाळूवर चाललो आणि खूण केली. ज्वालामुखी शेवटचा. बाबांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण ज्वालामुखी कधी पाहिला नव्हता.

विवराच्या कठड्याशी लेकीने यादी हातात घेतली.

"आई, यू मिस्ड वन."

शेवटची ओळ होती: बाबांना फोन करून धुराचा रंग सांगणे.

"पांढरा," मी तिला सांगितलं आणि खूण केली.