सासूबाई आणि जर्मन कॅप्टनचा मुलगा

इथले अनुभव मी वाचते ते दुपारच्या चहाबरोबर टाइमपास म्हणून. विश्वास? शून्य! कोणी मला असलं काही सांगितलं असतं, तर मी त्याला आधी बीपी तपासून ये म्हटलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात आखातात, मंगफला आमच्याच बिल्डिंगच्या आवारात, भर उन्हात जे झालं... ते लिहूनच टाकते.

सासूबाई साताऱ्याजवळच्या खेड्यातून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. मराठी सोडून त्यांना काही येत नाही, हिंदीसुद्धा सीरियलपुरती. खालच्या फ्लॅटमध्ये पीटर नावाचा जर्मन इंजिनियर राहतो. त्याचे वडील ऐंशीच्या पुढचे. पॅरॅलिसिसने उजवा हात गेला, वाचाही गेली. तिकडे बघणारं कोणी नाही म्हणून पीटरने त्यांना इथे आणलं. सकाळी नर्स त्यांना उन्हात बाकावर बसवायची आणि सासूबाई मटारची पिशवी घेऊन शेजारी. आजोबा डाव्या हाताने जमेल तसं सोलायचे. म्हटलं, चला, म्हातारीला सोबत झाली!

एक दिवस जेवताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या बाबाचा बाप लढाईत मोठा साहेब होता. कॅप्टन! आधी घोड्यांच्या तोफखान्यात, मग आफ्रिकेच्या वाळवंटात. तिथं मांडीत गोळी लागली. बरा झाला तर रशियाच्या बर्फात धाडला. परत आलाच नाही."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? त्यानंच."

"आई, त्यांना बोलता येत नाही!"

"तुझ्याशी बोलत नसंल," असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली.

नवरा हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मी पीटरला गंमत म्हणून सांगितलं, तर त्याचा चेहरा पांढराफटक!

"सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मला हे सरकारी रेकॉर्ड मागवल्यावर कळलं. बाबा स्वतःच्या वडिलांबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. विचारलं की खोलीतून निघून जायचे. मला वाटायचं, त्यांना मीच नकोसा आहे. आणि आता तर विचारायचीही सोय नाही..." पन्नाशी उलटलेला माणूस, डोळे भरून आलेले. मग हळूच म्हणाला, "तुझ्या सासूबाई विचारतील का?"

शुक्रवारी सुट्टी होती, आम्ही खाली गेलो. मी सासूबाईंना पीटरचं म्हणणं सांगितलं. त्यांनी आजोबांकडे नुसतं बघितलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. शप्पथ सांगते, दोघांपैकी कोणाचा ओठही हलला नाही! मग सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"सांग त्याला. ह्याचा बाप शेवटच्या रजेवर आला, तवा स्वयंपाकघरात बायकोला सांगत होता, आम्ही गावं पेटवली, माणसं आत होती. हा टेबलाखाली बसलेला, पाच वर्षांचं पोर. त्यानं सगळं ऐकलं. पुढं पीटर लहान असताना माळ्यावरची आज्याची टोपी घालून नाचत आला, मी पण कॅप्टन होणार म्हणाला. ह्याच्या काळजाचं पाणी झालं. चांगलं सांगावं तर खोटं, खरं सांगावं तर पोर घाबरंल. म्हणून तोंड मिटलं. तू नकोसा नव्हतास, म्हणतोय. तुला त्या वाटंला जाऊ द्यायचं नव्हतं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. पीटर म्हणाला, "टोपीचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी ती जाळली..." आणि तो तिथेच फरशीवर बसला, वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून. आजोबांचा डावा हात त्याच्या केसांवर आला. मी तर सरळ रडले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "चला, भाजी टाकायचीय."

मी खूप डोकं चालवलं. नर्सने सांगितलं म्हणावं, तर तिला यातलं काही माहीतच नाही. सासूबाईंच्या माहेरी फौजेत कोणी नव्हतं, वडील गवंडी. साताऱ्याला फोन करून विचारलं की चिडतात. "त्याला बोलायचं होतं, मला वेळ होता. त्यात काय एवढं?"

परवा पीटर भेटला, छान हसत होता. म्हणाला, "ज्या माणसाला मी जन्मभर घाबरलो ना, त्याचे केस आता रोज सकाळी मी विंचरतो."