हौदातला डोहाळा

माझ्या थोरल्या बहिणीला डोहाळा लागला तो मासे खायचा नव्हे, मासे सांभाळायचा. मासळीशिवाय घास न उतरणाऱ्या आमच्या घरात ही गोष्ट चारचौघांत सांगायचीही चोरी होती.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीजवळ, खाडीच्या वरच्या अंगाला आमची सुपारीची बाग होती. विहिरीचं पाणी रहाटाने चिऱ्याच्या हौदात पडायचं आणि हौदाच्या तळाचा बोळा काढला की पाटाने झाडांना जायचं. हौदात डास होतात म्हणून बाबांनीच ओढ्यातून मासे आणून सोडले होते. खाडीतल्या काळुंदर माशाच्याच गोतातले, पण जेमतेम बोटाएवढे, पिवळसर, केशरी ठिपक्यांचे. चैत्रात त्यातल्या एका जोडप्याने बोळ्याशेजारच्या चिऱ्यावर अंडी चिकटवली. मग दोघं अंगाने काळवंडली आणि पाळीपाळीने परांनी अंड्यांना वारा घालू लागली.

बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवसभर ती हौदाच्या काठावर बसलेली.

"बोळा काडायचा नाय," तिने बजावलं. "पोरं व्हावून जातील."

डोहाळा मोडला तर होणाऱ्या मुलाचे कान फुटतात, हे आईचं ठाम मत. त्यामुळे बाबा वरवरचं पाणी कळशीने उपसून झाडांना घालू लागले आणि कंबर धरून समस्त मत्स्यजातीचा उद्धार करू लागले.

तेवढ्यात मुंबईच्या गिरणीतून रजा काढून भावोजी आले. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणून शेवटच्या बोटीने परत जायचा त्यांचा बेत. बहिणीला ते आषाढापर्यंत, बाळंतपणाला जवळ हवे होते. पण सासुरवाडीला तळ ठोकलेल्या जावयाला गाव काय काय म्हणतं ते तिला ठाऊक होतं. राहा म्हणायची सोयच नव्हती.

बाबांनी कळशी त्यांच्या हातात दिली. "जावयबापू, डोहाळा तुमच्या बायकोचा. पाणी तुमी घाला."

कळशी बुडवताना बोटं जरा खोल गेली की नर मासा धडका द्यायचा. भावोजी दचकायचे, आम्ही हसायचो. अंडी फुटल्यावर पिलांचा लोंढा आईबापांभोवती फिरू लागला. त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर पिलं टोचून टोचून खायची.

"बापालाच खातायत," भावोजी म्हणाले.

"तरी तो कुटं जात नाय," बहीण म्हणाली.

भावोजी कळशी उचलून झाडांकडे वळले. मला त्यांची कीव आली, बहिणीची त्याहून जास्त आली.

यथावकाश पिलं मोठी झाली आणि आईबापांना विचारेनाशी झाली. भावोजींची ट्रंक भरली, बोट दुसऱ्या दिवशीची होती. बाबा मोठ्या उत्साहाने बोळ्याला हात घालणार, तोच बहीण म्हणाली, "थांबा. परत अंडी घातलीत."

आम्ही सगळे वाकलो. चिरा स्वच्छ होता. मला दिसला, बाबांनाही दिसला. बहिणीने पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि ती आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती. भावोजी बराच वेळ पाण्यात बघत राहिले.

"हायत," ते म्हणाले. "पुष्कळ हायत."

बाबांनी हात काढून घेतला आणि मुकाट्याने कळशी त्यांच्यापुढे सरकवली.

आषाढात भाची झाली तेव्हा भावोजी ओटीवर येरझाऱ्या घालत होते. भाचीचे कान आजही माझ्यापेक्षा तिखट आहेत.