नवऱ्याची कवळी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गडचिरोलीत बसस्टँडमागे माझं कवळ्या करायचं दुकान होतं. हातात कसब होतं आणि त्याचा मला माज होता. कवळी दुखते म्हणून कोणी आलं, की मी आधी त्याच्या तोंडालाच नावं ठेवायचो.

एका दुपारी धानोऱ्याकडचा एक मास्तर आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. त्यानं रुमालाची गाठ सोडून वरची एक कवळी टेबलावर ठेवली.

"बाबाची हाये. मातीच्या टायमाले तोंडात घालाची राहून गेली. आता मायले लावून द्या. चांगले दात फेकाचे काऊन?"

म्हातारी खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसली होती. वरचा एकही दात नव्हता. "मले नको," ती म्हणाली. "मले दाताबिगर जमते."

"तुले काय समजते? बाबाची आठवण हाये ते."

"म्हणूनच नको."

ती कवळी मी ओळखली. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो, त्या उस्तादांच्या हातची. साच्यात गुलाबी लगदा दाबून, पाणी हळूहळू तापवत शिजवलेली. इतकी वर्षं सुपारीचा खर्रा चावूनही तिला केसाएवढी चीर नव्हती. पण टाळू ज्याचा त्याचा वेगळा. बाईचं नवं माप घ्यावं, मेणात दात रचावेत, पुन्हा शिजवावं, हे मला पाठ होतं. मास्तरला मात्र चारची बस गाठायची होती. "तुमाले जमत नसन तं चंद्रपूरले नेतो," तो म्हणाला. ते मला झोंबलं.

झटपट उपाय होता. पावडरीत उग्र वासाचं पाणी कालवायचं, तो चिखलासारखा मसाला कवळीला आतून लावायचा आणि कवळी थेट तोंडात दाबायची. शिजवावं लागत नाही, पाच-सात मिनिटांत दगड होतो. फक्त घट्ट होताना तो तापतो. म्हणून रबरासारखा असतानाच बाहेर काढून थंड पाण्यात धरायचा, मग पुन्हा घालून बघायचा. पथ्य एवढंच.

तोंड तपासताना डावीकडे हिरडीत खोल खाच दिसली. दात किडून पडले तर हाड असं आत जात नाही.

"बाई, पडल्या होत्या का कुठी?"

"हो," म्हातारी म्हणाली. मास्तर खिडकीबाहेर बघू लागला.

ती खाच आधी मेणानं बुजवायला हवी होती. मी नाही बुजवली. उलट वाटलं, बरं झालं, पकड येईल.

कवळी चढवली आणि अंगठ्यांनी दाबून धरली. थोड्या वेळानं म्हातारी हलायला लागली. मसाला तापत होता. काढायची वेळ हीच, हे मला समजत होतं. पण सैल राहिली तर हा परत चंद्रपूरचं नाव काढील, म्हणून मी थांबलो. तिनं माझं मनगट पकडलं. तोंड भरलेलं, ओरडणार कशी? मुलानं मागून तिचं डोकं धरलं. "गप राह्य, माय. होतेच आता."

मग कवळी निघेना. मसाला खाचेत शिरून पक्का झाला होता. मी चिमट्याचं टोक घालून ती उपसली, तेव्हा हिरडीचं कातडंही सोबत आलं. म्हातारीनं रक्त थुंकलं. मी आतला उंचवटा कानशीनं थोडा घासला, कवळी धुतली आणि त्याच जखमेवर परत चढवली. लाज वाटली म्हणालो तर खोटं होईल. अंगठ्यानं ओढूनही ती हलत नव्हती आणि मी त्याच कौतुकात होतो.

"बसली का, माय?" मुलानं विचारलं.

पुरुषाचे मोठे दात, तिला ओठ मिटता येत नव्हते. डाव्या गालावर हात ठेवून तिनं मुलाकडे बघितलं.

"बसली. तुया बाबाची थापड अशीच बसे. इथीच."

मास्तरनं घड्याळ बघितलं. "चाल, गाडी सुटन."

मी ती कवळी काढून घ्यायला हवी होती. मी त्यांना दार उघडून दिलं.