मास्तरांचे दात

मास्तर क्लॅरोनेट तोंडातून न काढता लाथ मारायचे. आमच्या केजच्या बँडमध्ये ज्याने ज्याने वाजवलं, त्याने ती खाल्लेली आहे. लाथ बसायची, माणूस कळवळायचा, पण सूर तसूभर हलायचा नाही. लग्नाला आलेल्यांना वाटायचं, मास्तर रंगात येऊन नाचतात. मी मोठा ढोल वाजवायचो. ढोल पोटावर बांधलेला, म्हणून मला नडगीवर मिळायची. ते वण अजून आहेत आणि मला ते आवडतात, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

बँडचा एक नियम होता. मोठ्या ढोलाचे तीन टोले पडल्याशिवाय कुणी वाद्य तोंडातून काढायचं नाही. मास्तर म्हणायचे, "अर्धं वाजवून थांबणं म्हंजे बोकडाची अर्धी मान कापून सोडून देणं. कापायचं तर पुरतं काप बे." चकलांब्याच्या एका लग्नात फटाका उडून आमच्या सॅक्सोफोनवाल्याच्या टोपीत पडला. केस जळायला लागले. मास्तरांनी वाजवता वाजवता त्याच्या डोक्यावर दोन चापट्या हाणून आग विझवली आणि डोळ्यांनीच खुणावलं, पुढं. गाणं संपल्यावर त्याला स्वतः दवाखान्यात नेलं, आणि वाटेत पुन्हा एक थप्पड मारली, कारण त्याचा एक सूर खाली गेला होता.

पाणलोटाची कामं बघायला एक फ्रेंच माणूस केजला येऊन राहिला होता. त्याने आमचा बँड ऐकला आणि जाताना मास्तरांना एक कॅसेट दिली. तिकडच्या एका बँडची. एकेक गाणं कॅसेटची अख्खी बाजू भरेल एवढं लांब. मोडक्या हिंदीत त्याने त्या बँडचा इतिहासही सांगितला, आणि मास्तर तो आम्हाला असा सांगायचे की जणू शेजारच्या तालुक्यातली गोष्ट.

"चौघं जण एका गोठ्यात बसून वाजवायचे. गाय हाकलली अन् बँड बसवला. मालक लई कडक. एकानं सूर चुकवला तर त्याचा बाजा खिडकीतून फेकला. ढोलवाल्यानं काय केलं, मालकाच्या तोंडावर ठोसा मारला अन् बापाच्या शेतावर पळून गेला."

"मग मोडला का बँड?" आम्ही विचारायचो.

"मोडंल कशाला? मालक सुजलेलं तोंड घेऊन शेतावर गेला. म्हणला, चल बे, ढोल वाट बघतोय. गायकाला काढला, बाजावाल्याला काढला, ढोलवाल्याला न्हाई. ढोल गेला की बँड गेला."

यातलं फ्रेंच माणसाने किती सांगितलं आणि मास्तरांनी किती घातलं, देव जाणे. कॅसेटवर नाव नव्हतं. माझ्या नातवाने परवा मोबाईलवर शोधून पाहिलं, काही सापडलं नाही.

त्यातलं एक गाणं मास्तरांनी बसवलं. ते सात मात्रांचं होतं. आमच्याकडे पोरं नाचतात ती चारवर. सातला पाय उचलला की जमीन सापडत नाही. ते शिकताना मास्तरांनी माझ्या पाठीवर वेताने सात मोजले. मला ते आलं. आजही झोपेत येतं.

आता सिरसाळ्याच्या लग्नाचं. केज ते परळी सगळे सांगतात की वरातीतल्या दारुड्यांनी मास्तरांचे दात पाडले, म्हणून त्यांचं क्लॅरोनेट सुटलं. ते खोटं आहे. मास्तर गेल्याला दोन उन्हाळे झाले, आणि खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो.

दुपारची वेळ. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची वरात, मारुतीला निघाला होता. मास्तरांनी नेमकं सातचं गाणं काढलं. नाचणारे अडखळायला लागले, एकमेकांवर पडायला लागले. नवरदेवाचा चुलतभाऊ वैजनाथ, किराणा दुकानदाराचा विशीतला पोरगा, तर्र होऊन पुढे आला. "ए मास्तर, हे कुणाच्या मयताचं वाजवायलास? नाचायचं वाजीव!" मास्तर वाजवत राहिले. वैजनाथने झांजवाल्याला ढकललं. मागून एक दगड आला, माझ्या ढोलावर आपटला. मी घाबरलो आणि गाण्याच्या मध्यावर तीन टोले दिले.

बँड थांबला. एकटे मास्तर वाजवत होते. परण्यातली माणसं त्यांना हसली. मास्तर वाजवतच माझ्याकडे वळले आणि नडगीवर लाथ घातली. तशा शेकडो खाल्ल्या होत्या, पण त्या दिवशी लोक मलाही हसले. माझ्या हातात ढोलाचा दांडा होता. मी तो फिरवला. तो क्लॅरोनेटवर समोरून बसला आणि क्लॅरोनेट मास्तरांच्या तोंडात आत गेलं. पांढऱ्या कोटावर रक्त, रक्तात दात. त्याच क्षणी वैजनाथने मागून त्यांची कॉलर धरली होती.

"कुणी मारलं बे?" सॅक्सोफोनवाला ओरडला.

मी वैजनाथकडे बोट केलं.

आमच्या माणसांनी त्याला देवळामागे ओढून नेलं आणि पितळी बाजांनी त्याचा गुडघा फोडला. मी समोर उभा होतो. तो हात जोडत होता, "चुकलं, चुकलं," म्हणत होता. त्याला काही आठवत नव्हतं, फक्त मास्तरांची कॉलर हातात होती एवढं ठाऊक होतं. तो पाय पुन्हा सरळ झाला नाही.

मी केजला जायचं बंद केलं, शेतावर राहिलो. एका सकाळी मास्तर बांधावर आले. तोंड सुजलेलं, शब्द नीट फुटत नव्हते. माझी कॉलर धरली, एक सणसणीत ठेवून दिली आणि म्हणाले, "चल बे. ढोल वाट बघतोय." त्यानंतर त्यांनी स्वतः कधी वाजवलं नाही. वेत घेऊन आमच्यापुढे चालायचे. डीजे आले आणि बँड बंद पडला, तोवर मी त्यांच्यामागेच होतो.

दर पाडव्याला वैजनाथ लंगडत यायचा, मास्तरांसाठी मऊ शिरा घेऊन. पाया पडायचा. मास्तर हिरड्यांनी दोन घास खायचे. एकदा त्याने विचारलं, "मास्तर, माफ केलं का?" मास्तर म्हणाले, "बस. पाणी पी." तो गेल्यावर शिऱ्याचा डबा त्यांनी माझ्या छातीवर फेकून मारला. "खा. तुझा हाय तो शिरा."

मी खाल्ला. पुढच्या पाडव्यालाही खाल्ला. मास्तरांनी मला वाचवलं असं मी समजत होतो. त्यांनी ढोल वाचवला होता. आणि त्याची किंमत वैजनाथचा पाय मोजतो हे त्यांना समजत होतं, म्हणून त्या घरातला शिरा त्यांच्या घशाखाली नीट उतरत नसे.

गेल्या महिन्यात मी सिरसाळ्याला गेलो. वैजनाथ आता वैजूशेट झालाय, केस पांढरे, तेच दुकान. "या नाना," म्हणून त्याने स्टूल पुढे केलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्याने तराजूतलं वजन काढून खाली ठेवलं. "म्हंजे मी मारलंच नव्हतं?"

"न्हाई."

"कावून न्हाई सांगितलं?"

मी स्टूल बाजूला सारलं.

"शिरा मीच करायचो," तो म्हणाला. "बायको म्हणायची, मी हलवते. म्हणलं न्हाई, पाप माझं हाय, हात बी माझेच लागू दे."

मग तो गल्ल्यामागून लंगडत आला आणि माझ्या तोंडात मारली. गिऱ्हाईक मागे सरकलं. दुसरी मारायला उचललेला हात तसाच खाली गेला. त्याने कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा ओढून माझ्यापुढे उलटा टाकला.

"ते सातचं वाजवा. त्या दिवशी अर्धंच ठेवलंत तुमी."

मी बसून वाजवायला लागलो. ओठातून रक्त येत होतं. मारुतीच्या वाटेवर जिथे थांबलो होतो ती जागा आली तेव्हा बोटं आपोआप ढिली पडली.

"थांबायचं न्हाई," वैजनाथ म्हणाला.

शेवटपर्यंत वाजवलं. मग तीन टोले दिले. तिसऱ्या टोल्यावर त्याने खाली वाकून डब्यावर तळहात दाबला, आणि त्याचं घुमणं पुरतं थांबेपर्यंत उचलला नाही.