मोनालिसाच्या डोळ्यावरचा डाग

माधवनगरच्या कोंडीबा पेंटरला कुणी चित्रकार म्हटलं की तो हसायचा. आपण मेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून रंगवणारे, एवढंच त्याचं म्हणणं. पण सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत दर्शनी भिंतीवर त्याच्या हातची तसबीर असायची. काम करायची त्याची एक तऱ्हा होती. डावा डोळा गच्च मिटायचा, उजव्यानं माप घ्यायचं, आणि अख्खा चेहरा पुरा झाला तरी डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवायच्या. डोळे शेवटी, घरचं माणूस समोर बसवून. लोक त्याला ‘डोळं उघडणं’ म्हणत. तोवर त्या तसबिरी पांढऱ्या डोळ्यांनी घरात उभ्या असत, आणि त्याची लेक आम्रपाली लहानपणी त्यांच्याकडे पाठ करून जेवायची.

ही आम्रपाली मोठी झाली आणि अठ्ठ्याण्णव साली तिनं पुढच्या खोलीत लग्नपत्रिका करायला कम्प्युटर मांडला. कोंडीबाला त्या डबड्याचा भारी राग. त्याच्याकडे तो ढुंकूनसुद्धा बघायचा नाही. पण एकदा कुठल्याशा मासिकाबरोबर जगातल्या नामांकित चित्रांची सीडी आली. आम्रपालीनं मोनालिसा काढली आणि माऊस दाबून तिचा चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. कोंडीबा चहाची बशी हातात धरून मागं उभा होता.

“आगं, हिचा गाल तर तडकलाय,” तो म्हणाला. “आन् बरशाचा केस बी दिसतोय की.”

झालं. त्या दिवसापासून जेवण उरकलं की गडी खुर्चीत ठाण मांडून बसायला लागला. आपल्या जन्मात ज्या चित्रांसमोर उभं राहायचं नशीब नाही, ती अशी नाकाला नाक लावून बघायला मिळतायत म्हणताना तो पोरासारखा खूश झाला होता. आम्रपालीच्या पत्रिका रखडल्या, गिऱ्हाइकं बोंबलायला लागली, पण याचं बूड काही हलेना.

त्याला बघायचे होते डोळे. त्याला कारणही तसंच होतं. फलटणकडच्या हंबीररावांचा एकुलता एक पोरगा, शंभूराज, फौजेत होता. तो काश्मीरकडं गेला तो पेटीतूनच परत आला. त्याची तसबीर कोंडीबाकडं होती. वर्षश्राद्धाच्या आधी शंभूराजची आई अंबूबाई डोळे उघडायला येणार होत्या. त्यांनी निरोपच धाडला होता, “माझं लेकरू माझ्याकडं बघंल आसं करा.” असं काम कोंडीबाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या जिवाला घोर लागला होता.

आणि नेमका मोनालिसाच्या डोळ्यावर डाग निघाला. काळपट, शाई सांडल्यासारखा.

“सीडी नासलीया ही,” कोंडीबा करवादला.

“आसंल, आबा,” आम्रपाली पत्रिकेची चूक सुधारत म्हणाली. तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही, आणि याचा तिला पुढं फार त्रास झाला.

त्यानं दुसरं चित्र काढलं. एका म्हाताऱ्याचं होतं ते. त्याच्याही डोळ्यावर तोच डाग. तिसरं काढलं, तिथंही तेच. कोंडीबानं धोतराच्या सोग्यानं स्क्रीनची काच पुसली. फुंकर मारून पुन्हा पुसली. मग सवयीनं डावा डोळा मिटून, डागाच्या आत काय आहे ते बघावं म्हणून त्यानं चित्र मोठं केलं. म्हाताऱ्याचा चेहरा फुगला, नुसता डोळा उरला, पापणीचा केस दोरीएवढा झाला.

डाग मात्र होता तेवढाच राहिला.

 कोंडीबानं हळूच मान वळवून भिंतीकडं बघितलं. डाग भिंतीवर आला. लेकीकडं बघितलं, तर तिचं नाकतोंड दिसेना.

“आमरे,” तो म्हणाला, “सीडी चांगली हाय गं.”

मिरजेच्या डॉक्टरांनी दिवा मारून तपासलं. साखरेनं डोळ्याच्या मागं रक्त उतरलंय, उजवा डोळा हातचा गेला, डाव्यातही सुरुवात आहे, असं सांगितलं. साखर आहे हे कोंडीबाला आधीपासून ठाऊक होतं, त्यानं ते अंगाला लावून घेतलं नव्हतं, बस्स. एस.टी.त आम्रपाली रडली.

“अंबूकाकूंना कळवूया, आबा.”

“न्हाई. त्येवढ्या एका पोराचं डोळं मला उघडू दे.”

अंबूबाई आल्या त्या भर उन्हाच्या. कोऱ्या डोळ्यांच्या लेकासमोर बसल्या. कोंडीबानं आज पहिल्यांदा उजवा डोळा मिटला. डाव्यानं काम करायचं म्हणजे परक्याच्या हातानं जेवण्यासारखं. ब्रश टेकतोय की अजून अंतर आहे, याचा अंदाज येईना. तरी बाहुल्या बसल्या.  राहिला तो बाहुलीतला पांढरा ठिपका. त्या ठिपक्यानंच तसबीर बघायला लागते. त्यानं ब्रशाचं टोक पांढऱ्यात बुडवलं, हात पुढं नेला, टेकवला, आणि मागं सरला.

“बघा वैनी,” तो म्हणाला. “बघतंय का तुमच्याकडं?”

 अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला.

“बघतंय वं,” त्या म्हणाल्या. “पर त्येच्या डोळ्याच्या खाली पाणी का काढलंसा, पेंटर? माझं लेकरू रडत हुतं का?”

आम्रपाली पुढं धावली. ठिपका बाहुलीत पडलाच नव्हता; खालच्या पापणीच्या खाली, गालावर, ओला पांढरा थेंब चमकत होता. तिनं पुसायला चिंधी उचलली, तर अंबूबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

“नगं, पुसू नगं. रडतच आसंल त्ये. एकटंच हुतं की तिथं.”

“कसलं पाणी?” कोंडीबा म्हणाला. तो तसबिरीला नाक लागेपर्यंत वाकला. आधी डाव्या डोळ्यानं, मग उजव्यानं, मग दोन्हींनी शोधत राहिला. “कुटं हाय? आमरे, कुटं हाय गं?”