सेतुरावांनी न केलेली सही

भांडवली खर्चाचं बिल आलं, की सेतुराव टेबलाखाली काढलेल्या चपला पायांत सरकवून थेट यंत्रांपाशी जायचे. आयुधपूजेला लावतात तसं नव्या यंत्राला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय मालमत्तेच्या यादीत नोंद नाही! तमिळ मुलखातल्या इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात हिशेबखात्याचे ते मुख्य. तंजावरी मराठी माणूस, त्यामुळे बोलणं बखरीतलं. मी त्यांच्या हाताखालचा, सोलापूरचा, सुरुवातीला मला हसूच आवरायचं नाही.

पण शिकवावं त्यांनीच. “नव्हतें तें आलें आणि पुढें वर्षानुवर्षें कमावून देईल, तें भांडवली. मोडलें तें पूर्वीसारखें केलें, तो ह्या वर्षाचा खर्च. इतुकेंच रे, सोलापूरकरा!”

त्या मार्चमध्ये पत्रा दाबायचा जुना मोठा प्रेस उघडून दुरुस्त केला. बिल दांडगं. खर्चात धरलं तर वर्ष तोट्यात. भांडवली दाखवलं तर नफा, आणि नफा पाहून बँकेचं कर्ज. मालकांनी मला परस्पर सांगितलं, ‘नवं यंत्र’ म्हणून टाक. मी मुकाट्यानं टाकलं. सेतुराव कागद घेऊन प्रेसपाशी गेले आणि तसेच परत आले.

अकराला बँकेचा माणूस यायचा होता. पावणेअकराला मालक आमच्या दारात उभे.

“सही करा. तुमची मुदतवाढही आजच करायचीय,” ते तमिळमध्ये म्हणाले. सेतुरावांची साठी उलटलेली, नोकरी वर्षावर्षानं वाढवून मिळायची. घरी बायको अंथरुणाला खिळलेली.

सेतुरावांनी पेनाला टोपण लावलं. “त्या प्रेसला मी बारा वर्षांपूर्वी कुंकू लावलंय. पुन्हा लावणार नाही,” त्यांनीही तमिळमध्येच सांगितलं.

मालकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “मग तू कर. खुर्चीही तुझीच.”

माझ्या बायकोला सातवा महिना होता. हे कारण मी स्वतःला शंभरदा ऐकवलंय. खरं सांगू? मला खुर्ची हवी होती. मी सही केली.

सेतुरावांनी पेन खिशाला लावलं. डबा उचलला, जाताना माझ्या टेबलाशी थांबले. “दुपारीं वेळेवर जेव,” म्हणाले आणि गेले. कर्ज मंजूर झालं.

तीन वर्षं मी त्यांना तोंड दाखवलं नाही. गेल्या महिन्यात ते वारल्याचं कळलं, तेव्हा कुठे तिरुवल्लिकेणीच्या त्यांच्या घरी गेलो. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नाव सांगितलं, तशी पलंगावरून त्यांच्या बायकोनं मान वळवली.

“सोलापूरकर तुम्हींच कां? फार वाट पाहिली हो त्यांनीं तुमची.”